अण्णांच्या मिशा आणि वरची वीट

परवावर कुस्त्या आलेल्या, त्यात वळवाचा वारा सुटलेला. तालमीवर पत्रा चढवायला अण्णा पैलवान उतावीळ झाले होते. पत्रा पेलणाऱ्या लोखंडी खांबांचे बोल्ट त्यांनी भिंतीच्या वरच्या विटांतच रोवून घेतले.

यमाजी गवंडी अडून बसला. "आधी भिंतीवर काँक्रीटचा पट्टा ओतू, बोल्ट त्यात रोवू."

"तो वाळेपर्यंत थांबतो कोण? बोल्ट विटेतून निघाला तर मिशा उतरवीन!"

"अण्णा, वारा पत्र्याला खालून उचलतो. तुम्हीच वारा व्हा, बोल्ट वर ओढा."

अण्णांनी शड्डू ठोकून हिसका दिला. बोल्ट वर आला, तो अख्खी वीट घेऊनच.

अण्णांचा हात मिशांकडे गेला.

"मिशा राहू द्या, अण्णा," यमाजी म्हणाला, "बोल्टानं वीट कुठं सोडलीय? विटेनं भिंत सोडली."