पानांचे ओले हात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. डोंगरापलीकडच्या त्या गावात लिंबाच्या बागा होत्या, पाणी बेताचं होतं आणि संशय मात्र भरपूर होता.

गावाला एकच पाट. त्याचं दार उघडून पाळीप्रमाणे बागांना पाणी सोडायचं काम आप्पा पाटकऱ्यांकडे होतं. गावाचा एक रिवाज होता. सांजेला सगळ्यांनी चावडीवर यायचं आणि तळहात उघडून दाखवायचे. पाळी नसताना ज्याचे हात ओले, तो पाणीचोर. त्यामुळे कणीक मळून निघालेल्या बायका वाटेतच पदराला हात घासत, आणि कोणाला घाम फुटला तर शेजारचा माणूस हळूच लांब सरकत असे.

गोजरा ही आप्पांची पुतणी. आईबाप गेल्यावर लिंबाची बाग तिच्या वाट्याला आली होती. तिची झाडं गावात सगळ्यांत दाट पानांची होती. पण पाळी मिळाली की इतरांची माती ओली राही आणि हिची लवकर सुके. म्हातारी मंडळी कुजबुजू लागली. पाणी जातं कुठे? ही चोरून कोणाला तरी देत असणार. शेवटी आप्पांनी तिला बजावलं, की अमावस्येच्या आत चोर दाखव, नाहीतर तुझी पाळी बंद.

पाळी बंद म्हणजे बाग गेली. गोजराने बांध तपासले, उंदरांची बिळं शोधली, शेजाऱ्यांवरही पाळत ठेवली, कारण तीही त्याच गावची. कुठेच फट सापडेना. एका दुपारी झाडाखाली बसून वर पाहताना तिच्या मनात आलं, की खाली गळत नाही तर वर जात असेल.

तिने पितळेचा तांब्या आतून कोरडा पुसला, एक पानांनी भरलेली डहाळी त्यात घातली आणि तोंड मेणाने बंद केलं. ऊन उतरल्यावर उघडून पाहिलं, तर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब.

तो तांब्या तिने चावडीवर नेला. चोरी कोणीच करत नाही, झाडच मातीतलं पाणी पितं आणि पानांवाटे हवेत सोडतं, असं तिने सांगितलं. आप्पांनी तांब्यात बोट फिरवलं, ओलं बोट सगळ्यांना दाखवलं आणि निकाल दिला.

"पोर सुटली. हात पानांचे ओले आहेत. उद्यापासून गावातल्या एकूण एक झाडाची पानं खुडून टाका."

गोजरा घरी जाऊ शकली असती. तिच्यावरचा आळ गेला होता. पण ती तिथेच उभी राहिली. पानं चोर नाहीत, ती पाणी ओढतात, असं ती म्हणाली. पानातून थेंब बाहेर पडतो म्हणून त्याच्या मागचा वर सरकतो, आणि ही ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. पानं गेली तर पाणी वर आणायचं कोणी?

म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. आत्ताच ही पोरगी म्हणाली पानं पाणी घालवतात, आता म्हणते पानं पाणी आणतात. काहीतरी लपवते आहे.

दुसऱ्या दिवशी तिने तेरड्याची दोन रोपटी अळित्याच्या लाल पाण्यात ठेवून आणली. एकाची पानं शाबूत, एकाची खुडलेली. पानं असलेल्या रोपाच्या पाणीदार देठात लाल रेघा शेंड्यापर्यंत चढल्या होत्या. बोडक्या रोपात रंग बुडाशीच रेंगाळला होता.

आप्पांनी दोन्ही रोपं निरखली. "म्हणजे पानं असलेलंच जास्त प्यायलं. मग चोर कोण?"

"आप्पा, तुम्हाला चोरच पाहिजे. झाड नको," गोजरा म्हणाली. "माझ्या बागेतल्या एकाही पानाला हात लावू देणार नाही."

"मग पाटाचं पाणी विसर."

ती विसरली. डोंगराखालच्या डोहातून घागरी वाहून ती आपल्या झाडांना घालू लागली. मान अवघडली, डोक्यावरचे केस चुंबळीने झिजले. इकडे गावाने पानं ओरबाडून त्यांचे ढीग लावले. आणि खरंच, बागांमधली माती ओली राहू लागली. आप्पा मूठभर चिखल उचलून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, की बघा, केवढं पाणी वाचलं. गोजराची माती कोरडीठाक पाहून मंडळी हसत.

मग लिंबं सुरकुतू लागली. फांद्यांची साल उन्हाने तडकली. फुटलेली कोवळी पालवीही लोक इमानाने खुडत राहिले. मातीला आंबूस वास सुटला, तेव्हा आप्पांना नवा संशय आला. आता मुळं फितूर झाली असणार.

त्यांनी आपल्या सगळ्यांत जुन्या झाडाच्या बुडाशी खणायला घेतलं. मुळं हाताला लागली ती काळी, मऊ, कुजलेली. आप्पा गुडघाभर चिखलात उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर झाड तहानेने वाळलं होतं.

त्या वर्षी गावात लिंबं धरली ती एका गोजराच्या बागेत. बाकीच्या बागा सरपण झाल्या. नवी रोपं लावून त्यांना फळ येईपर्यंत कित्येक उन्हाळे गेले, आणि आप्पांच्या आयुष्यात तेवढे उन्हाळे उरलेले नव्हते.

तात्पर्य: ज्याचं काम आपल्याला कळत नाही त्याला चोर ठरवून हाकलणारा, त्याच कामावाचून मरतो.