बुडालेलं गलबत आणि कालची भाकरी

करंजवाडी संस्थानात सरपणाची वखार एकच, आणि ती दिवाण बाजीपंतांची. एके सकाळी बातमी आली, की दूर समुद्रात कुठलंसं गलबत बुडालं. दुपारपर्यंत वखारीतल्या लाकडांचा भाव दुप्पट! लाकडं गावामागच्या डोंगरातली, गेल्या वर्षी तोडलेली. गलबतात होता खजूर. पण दिवाणांची दृष्टीच मुळी दूरची! वर ताकीद अशी, की भावाबद्दल जो अवाक्षर काढेल, त्याला सरपण बंद.

खानावळवाल्या ठमाबाईची चूल विझायची वेळ आली.

चार दिवसांनी शिकारीहून परतताना महाराज दिवाणांसह तिच्याकडे जेवायला थांबले. ठमाबाईने महाराजांना गरम भाकरी वाढली आणि दिवाणांच्या ताटात कालची, कडक झालेली टाकली.

"दिवाणसाहेब, आजपासून भाकरीचा भाव दुप्पट."

"का म्हणून?"

"परमुलखात ज्वारीवर टोळधाड आलीय म्हणे."

दिवाण उसळले. "अगं, ही भाकरी कालची, पीठ त्याच्याही आधीचं! टोळधाडीचा हिच्याशी संबंध काय?"

ठमाबाईने हात जोडले. "महाराज, लाकडांबद्दल मला हेच विचारायचं होतं. पण अवाक्षर मी नाही काढलं हं, दिवाणसाहेबांनीच काढलं."

महाराज हसले. "मग बाजीपंत, ताकिदीप्रमाणे सरपण कुणाचं बंद करायचं?"

संध्याकाळी लाकडांचा भाव उतरला. पाठोपाठ दिवाणांची दवंडीही फिरली: बुडालेलं गलबत खजुरासकट सुखरूप सापडलं आहे, रयतेने आनंद मानावा.