कोचाचा अर्थ

“मग अर्थ काय म्हणालास त्याचा?”

घोंगडीवर बसलेल्या बुवांनी तिसऱ्यांदा विचारलं. हेरंब नाबराला वाटलं, म्हाताऱ्याचे कान गेले. तो शब्दांची कुळं धुंडाळणारा प्राध्यापक. एकच गोष्ट तीनदा सांगायची त्याला सवय नव्हती.

“कोच हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला, बुवा. त्यांनी फ्रेंचांकडून. तिकडे कूशे म्हणजे आडवं करणं, निजवणं. त्यावरून या आसनाला ते नाव पडलं.”

“निजवणं… बरं आहे.”

कोच मठाच्या ओसरीवर होता, टेम्पोतून नुकताच उतरवलेला. हेरंबानं तो वडिलांसाठी हौसेनं घेतला होता. महिन्यामागे नाना त्याच्यावरच गेले.

“मठात ठेवून घ्या. नाना दर एकादशीला तुमच्याकडे यायचे. तुम्ही घेतलात की मी समजेन, ते सुखानं गेले.”

“का रे, सुखानं गेले नाहीत?”

“गेले की. एवढा मऊ कोच…”

बुवा नुसते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांची ती खोडच होती. ते असे बघायला लागले, की समोरचा आपसूक मनातलं सांडायला लागायचा.

“पाहुणे होते घरी. हाच शब्द मी त्यांना उलगडून सांगत होतो. नाना मधेच म्हणाले, मला खाली घे. मी म्हटलं, फरशी गार आहे, पडा निवांत.”

“किती वेळा म्हणाले?”

“…दोनदा.”

जीव जायच्या वेळी माणसाला भुईवर घेतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“तुला कळलं नाही?”

“कळलं. पण पाहुण्यांसमोर… आणि मला एकट्याला उचलवले नसते, बुवा. दणकट हाडापेराचा माणूस.”

बुवा गुडघे धरत उठले. कोचापाशी गेले, त्यावर लांब झाले. डोळे मिटले.

“मला खाली घे.”

हेरंब घुटमळला. मग त्यानं एक हात मानेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. बुवा अलगद वर आले. त्यानं त्यांना घोंगडीवर टेकवलं.

“बुवा… वजनच नाही तुम्हाला.”

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

“नानांना मीही खांदा दिलाय रे. ते याहून हलके होते.”