संन्याशांच्या कालव्यातला गाळ

उत्तरेच्या समुद्रातल्या त्या बेटांवर आता एकही संन्यासी उरला नव्हता. त्यांचा वारसा उरला होता, आणि तो राखायला राजहंस होते.

संन्याशांनी डोंगरातलं तळं दगडी कालव्याने समुद्राला जोडलं होतं. दर वर्षी बर्फ वितळलं की अख्खा मठ, अगदी महंतांसकट, कालव्यात उतरून गाळ उपसायचा. चुली पेटायच्या त्यानंतर. संन्यासी गेले आणि राजहंसांनी पहिला हुकूम काढला, की कालव्याला कुणी हात लावायचा नाही.

तळ्याकाठच्या बिळात एक पाणमांजरी नुकतीच व्यायली होती. यंदा बर्फ वितळलं, पण गाळाने तुंबलेल्या कालव्यातून पाणी पुढे जाईना. ते बिळाच्या तोंडाशी आलं, तशी ती थोरल्या राजहंसाकडे धावली. राजहंसाने स्वागत झकास केलं. काही दुकानदार गिऱ्हाइकाला तक्क्याशी बसवतात, पान देतात, घरच्यांची चौकशी करतात आणि माल तेवढा काढत नाहीत, त्यातला प्रकार.

"दादा, पिल्लांचे डोळे उघडले नाहीत अजून. गाळ उपसू द्या."

"अगं बाई, गाळ म्हणू नकोस त्याला! संन्याशांच्या पायांची माती आहे ती."

"ते पाय उपसायलाच उतरायचे ना?"

"त्यांनी उपसणं वेगळं. तू कोण?"

"बुडणारी," ती म्हणाली आणि निघाली.

तिने भर दुपारी उपसायला सुरुवात केली. राजहंसांनी तिला हाकललं आणि उपसलेला गाळ चोचीचोचीने परत आणला. कुठला गोळा कुठे होता यावरून त्यांच्यात वादही झाला. मग सगळा नीट थापून बसवला.

पाणी कुणाच्या वादासाठी थांबत नाही. ते बिळात शिरलं. पाणमांजरीने एकेक पिल्लू मानेला धरून वरच्या खडकावर नेलं. शेवटचं नेलं आणि मागे काठ खचला. तिच्या बिळातून वाट फोडून तळं समुद्राकडे धावलं.

उन्हाळ्यात दूरदूरचे पक्षी वारसा पाहायला आले. कोरड्या कालव्याच्या काठाने राजहंस त्यांना हळू आवाजात फिरवत होते. "पाय जपून ठेवा," ते सांगत. खाली गाळाला भेगा पडल्या होत्या.

दुपारी घशाला कोरड पडली की राजहंस एकेक करून मागच्या बाजूला जात, पाणमांजरीच्या फुटक्या बिळातून वाहणाऱ्या पाण्याला चोच लावत, पोटभर पीत, आणि चोच पुसून पुन्हा पहाऱ्यावर उभे राहत.