कॅमेऱ्याची तारीख आणि साहेबांची खुर्ची

बालवाडीची भिंत तडकली होती आणि तिच्याच कडेला वीस मुले बसत होती. संचालिका अनसूयाबाई पोंक्षे यांनी आपल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने भिंतीचे फोटो काढले आणि नगरपरिषदेचे अभियंता निगुडकर यांच्यापुढे ठेवले. दुसऱ्याची चूक सापडली की या गृहस्थांच्या चेहऱ्यावर तेज येई.

“बाई, फोटोवर १ जानेवारी २००५ छापले आहे. भिंत आम्ही गेल्याच वर्षी दुरुस्त केली. जुने फोटो आणून आमची दिशाभूल करता?”

“कॅमेऱ्यातला तारीख राखणारा सेल संपला आहे, साहेब. मोठी बॅटरी काढली की तारीख पुन्हा मूळ पदावर येते.”

“सबबी नकोत. यंत्र खोटे बोलत नाही!”

“बरे,” म्हणून अनसूयाबाईंनी तिथल्या तिथे साहेबांचाच फोटो काढला आणि त्यांच्यासमोर धरला. खुर्चीत साहेब, मागे नेमणुकांचा फलक, त्यावर शेवटची ओळ ‘निगुडकर, जून २०११’ आणि कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २००५.

“यंत्र खरे असेल, तर नेमणुकीच्या सहा वर्षे आधीच आपण या खुर्चीत बसला होता. खोटे असेल, तर भिंत आजही तडकलेली आहे. यांतले कोणते लेखी देता?”

निगुडकरांनी मुलांना त्याच दिवशी समाजमंदिरात हलवण्याचा आदेश लिहिला. खाली तारीख मात्र त्यांनी अनसूयाबाईंना विचारून घातली.