चार दिवे आणि एक बॅटरी

एक वृद्ध कारागीर घाटाच्या पायथ्याशी वाहनांच्या वायरिंगचे काम करीत असत. सारे त्यांना उस्ताद म्हणत. रेवती ही त्यांची शिष्या. तिचा नवराही पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पण जॅक निसटून टेम्पो अंगावर आला आणि तो कायमचा अंथरुणाला खिळला. गॅरेजमधली त्याची जागा रेवतीने घेतली. दिवसभर काम, घरी त्याचे सारे काही, आणि दर गुरुवारी त्याला गाडीत आडवे निजवून शहरातल्या रुग्णालयात नेणे. आता सुधारणा होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरीही ती नेत होती.

कामे वाटून घे, असे तिला जो तो सांगे. सल्ला द्यायला कुणाचे काय जाते! तिने तेही केले. नणंद दुपारी येऊन बसू लागली, शेजारीण रात्रीचे जेवण करू लागली. रेवती मात्र खंगतच गेली.

एके दिवशी डाळिंबांचा एक व्यापारी तणतणत आला. त्याच्या जुन्या टेम्पोला रेवतीने घाटासाठी चार मोठे दिवे बसवले होते, आणि डॅशबोर्डवरचा स्विच वितळला होता. चूक तिचीच होती. चारही दिव्यांचा प्रवाह तिने त्या चिमुकल्या स्विचमधूनच नेला होता. घटकाभर लावून पाहिले, चालले, म्हणून गाडी सोडून दिली. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडून रिले बसवून घेतला. आता स्विचने केवळ इशारा द्यायचा. तो मिळाला की रिले आतून जुळतो आणि मोठा प्रवाह बॅटरीतून फ्यूजमार्गे, जाड तारेने थेट दिव्यांकडे जातो. चारही दिवे लख्ख लागले. स्विच थंड राहिला. व्यापाऱ्याचा चेहरा खुलला.

तेवढ्यात उस्तादांनी पाना घेतला, दोन दिवे काढले आणि त्याच्या हातात ठेवले. मग रिले कशाला बसवला, असे पुटपुटत तो निघून गेला.

रेवतीलाही उलगडा होईना. तिने कारण विचारले.

उस्ताद म्हणाले, "रिलेने स्विच वाचतो, पोरी. बॅटरी वाचत नाही. दिवे कोणत्याही वाटेने पेटव, प्रवाह तिलाच पुरवावा लागतो. गाडी जुनी, चार्जिंग कमी. भरते त्याहून जास्त रोज जात राहिले, तर भर घाटात सगळाच अंधार होईल. तू माणसे जोडलीस, चांगले केलेस. नणंद दुपार सांभाळते, शेजारीण स्वयंपाक. पण गुरुवारची आशा कुठून येते? ती तुझ्यातूनच जाते."

रेवतीने विचारले, "मग मी काय काढून ठेवू, उस्ताद?"

"ते मला विचारू नकोस. मी काढले तेही दिवे चांगलेच होते."

ती तिथेच खाली बसून रडली. उस्तादांनी तिला थांबवले नाही. त्यांच्या त्या जुन्या शिष्यासाठी त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते.

गुरुवार आला. रेवतीने गाडी सांगितली नाही. ती नवऱ्याच्या उशाशी बसून राहिली. शेवटी त्यानेच विचारले, "आज जायचे नाही?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"बरे झाले," तो म्हणाला. "मला तो प्रवास सोसत नव्हता. तुझ्यासाठी येत होतो."

आशा सोडणे हाही कधी सेवेचाच भाग असतो. पण म्हणून ते दुःख तसूभरही कमी होत नाही.