भेदरलेल्यांचं घर

फार पूर्वी, जेव्हा रानं मोठी होती आणि गावं लहान होती, तेव्हा एका नदीच्या काठी एक गाव होतं. लहानांनो, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, त्या गावातल्या एका भित्र्या बाईची ही गोष्ट आहे.

तिचं नाव म्हाळसा. ती कशालाही भ्यायची. ढग गडगडले की कानांवर हात ठेवायची, कुत्रं भुंकलं की वाट बदलायची, विहिरीत डोकावताना तिचे पाय लटपटायचे. पाणवठ्यावर बायका तिची थट्टा करत आणि ती खाली मान घालून हसे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

अशी ही म्हाळसा सून म्हणून आली ती नेमकी जनावरांच्या वैद्याच्या घरात. तिचे सासरे, ज्यांना सारा गाव वैद्यबाबा म्हणे, रानातल्या जखमी जीवांवर औषधपाणी करत. पंख मोडलेलं घुबड, फासात पाय अडकलेलं भेकर, वणव्यात होरपळलेलं साळिंदर, जे सापडेल ते उचलून नदीकाठच्या जुन्या गोठ्यात आणत आणि बरं झालं की रानात सोडून देत. म्हाळसा पाला वाटून द्यायची, पाणी भरून ठेवायची, पण गोठ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर परमुलखात असे. घरात ती आणि सासरे, दोघंच.

एका पावसाळ्यात नदीनं काठ खाल्ला. गोठ्याची मागची भिंत पुरात गेली, आणि पुढच्या पावसात उरलेला गोठाही जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्यातच लोखंडी सापळ्यात पाय चिरडलेली एक वाघीण रानात कण्हत पडल्याची बातमी आली. वैद्यबाबांनी मांसातून गुंगीची मुळी देऊन तिला मोठ्या लाकडी पिंजऱ्यातून आणवलं.

गाव हादरलं. पण वैद्यबाबांनी सगळ्यांना समजावलं, की लंगड्या वाघिणीला हरणं सापडत नाहीत, माणसं सापडतात. ती बरी होऊन रानात गेली तरच गाव सुखानं झोपेल. लोकांना ते पटलं. गावच्या माळावर, रानाला लागून, जखमी जनावरांसाठी नवं पक्कं घर बांधायचं ठरलं.

बांधायचं काम रायाजीनं घेतलं. रायाजी गावातला सगळ्यांत धाडसी गडी. पुरात उडी घालून त्यानं माणसं काढली होती, रानडुकराला भाल्यानं अडवलं होतं. भीती कशी असते हे आपल्याला ठाऊक नाही, असं तो म्हणे, आणि ती बढाई नव्हती.

गावकऱ्यांनी त्याला एकच गोष्ट बजावली. जनावरं कायम नजरेसमोर राहिली पाहिजेत. नजरेआड झालेल्या वाघिणीची भीती जास्त.

रायाजीनं तसंच घर बांधलं. माणसांनी दगड फोडले, बायकांनी चुना वाहिला, रानातून साग आला. पाऊस यायच्या आत घर उभं राहिलं. उंच, लख्ख, हवेशीर. एका ओळीत खोल्या, प्रत्येक खोलीला गावाकडच्या बाजूनं जाड गज, आणि गजांसमोरून पायवाट, म्हणजे येताजाता सगळं दिसावं. बाकी तिन्ही बाजूंना सपाट दगडी भिंती. रानाकडे एक झरोकासुद्धा नव्हता.

वैद्यबाबांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि मजबूत झालंय म्हणाले. म्हाळसा त्यांच्या मागे उभी होती. त्या मोकळ्या, उजेडानं भरलेल्या खोल्या पाहून तिच्या छातीत धडधडायला लागलं. इथे लपायचं कुठे, असं तिच्या मनात आलं. पण पंचांसमोर बोलायचं म्हणजे तिची जीभ टाळूला चिकटायची. वैद्यबाबांचा हात धरून ती तशीच घरी परतली.

जनावरं नव्या घरात आली आणि अघटित घडू लागलं.

घुबडानं खाणं सोडलं. साळिंदर भिंतीच्या कडेकडेनं फिरत राहिलं, थांबेचना, शेवटी त्याच्या पायांतून रक्त आलं. लोक बघायला येत, गजांशी उभे राहत, पोरं खडे टाकत. वाघीण गजांवर धडका घेई. तिची डरकाळी माळावरून गावात येई तेव्हा चुलीपाशी बसलेल्या बायकांचे हात थांबत, पाळण्यातली मुलं दचकून रडत.

मग एके सकाळी भेकर मेलेलं सापडलं. वैद्यबाबांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला. फासाची जखम कधीच भरली होती. दुसरी जखम कुठेच नव्हती.

"हे भीतीनं मेलं," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्याच्या मानेवरचा हात त्यांनी काढला नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. जागा बाधित आहे, कुणी म्हणालं. वाघिणीची नजर आहे, दुसरं कुणी म्हणालं. सांज झाली की घरोघर दारांना अडसर लागू लागले. गुराख्यांनी माळाकडे गुरं नेणं सोडलं. आणि एका रात्रीच्या धडकांनी एक गज वाकलेला दिसला, तेव्हा पंच बसले. वाघिणीला गजांआडच भाल्यानं संपवायचं आणि घराला कुलूप घालायचं, असं ठरलं. भाला रायाजी चालवणार होता.

म्हाळसा बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. भेकर मेल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. आपल्याला कळत होतं आणि आपण बोललो नाही, ही टोचणी तिला लागली होती. ती पुढे आली. तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"जागा बाधित नाही," ती म्हणाली. "त्या घरात लपायला जागा नाही."

कुणीतरी हसलं. पण ती बोलत राहिली, अडखळत, जमिनीकडे बघत. ती लहान असताना तिच्या माहेरच्या गावावर लुटारूंची धाड पडली होती. आईनं तिला ज्वारीच्या कणगीत कोंबून वर सूप झाकलं होतं. बाहेर आरडाओरडा, घोड्यांच्या टापा. आत काळोख होता, श्वास कोंडत होता. पण पाठीला कणगीची भिंत होती, कुणाची नजर तिच्यावर पडत नव्हती, आणि सूप ढकललं तर बाहेर पडता येईल हे तिला माहीत होतं. तेवढ्यावर ती तगली. उघड्यावर उभं राहावं लागलं असतं, तर लुटारूंनी हात लावायच्या आधीच आपण मेलो असतो, असं ती म्हणाली.

"नदीकाठच्या गोठ्यात कोनाडे होते, काळोख होता, म्हणून तिथे जनावरं जगली. त्यांना पाठीला आधार द्या, माणसांच्या नजरेपासून आडोसा द्या. आणि दार रानाकडे ठेवा."

पंचांना ते फारसं पटलं नाही. पण वैद्यबाबांच्या शब्दाखातर त्यांनी थोडी सवड दिली. वाघीण पुढच्या बाजारापर्यंत शांत झाली नाही, तर भाला ठरलेला. आणि एक गोष्ट पंचांनी स्पष्ट सांगितली. त्या गजांजवळ जायला ते गावातल्या कुणालाही सांगणार नाहीत.

म्हणजे जायचं ते म्हाळसानंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बांबूचे तट्टे आणि काथ्याच्या दोऱ्या घेऊन माळावर गेली. ऊन रखरखत होतं. घर जवळ आलं तसा तो उग्र वास आला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. वाघीण भिंतीला अंग घासत उभी होती. म्हाळसाला पाहताच तिनं कान मागे पाडले.

म्हाळसानं पहिला तट्टा गजांना लावला आणि दोरी बांधू लागली. गाठ बसेना. बोटं ऐकत नव्हती. एवढ्यात आतून झेप आली. पंजा गजांतून बाहेर आला, तट्टा उभा फाटला आणि तिच्या पदराचा तुकडा नखात अडकून आत गेला.

ती मागे पडली. पळायला हवं होतं, पण पाय उचलेनात. ती तशीच धुळीत बसून राहिली आणि वाघीण गजांमागे. दोघींचा श्वास फुलला होता. म्हाळसाची नजर वाघिणीच्या बरगड्यांवर गेली. त्या हातात धरलेल्या चिमणीसारख्या धडधडत होत्या. एवढं थोरलं जनावर, आणि आपल्यासारखंच भ्यालेलं.

तिनं नजर खाली वळवली. आपल्याकडे कुणी रोखून पाहिलं की आपल्याला काय होतं हे तिला ठाऊक होतं. वाघिणीकडे न बघता, अंग चोरून, ती पुन्हा उठली आणि कडेच्या गजापासून सुरुवात केली. एक गाठ. थांबायचं. दुसरी गाठ. आतून गुरगुर आली की हात थांबे, पण ती जागेवरून हलत नसे. उन्हं कलेपर्यंत गजांवर तट्ट्यांची भिंत झाली. मग तिनं वरच्या फटीतून पेंढ्याचे भारे आत सोडले.

आतून थोडा वेळ पावलांचा आवाज आला. मग पेंढा चुरल्याचा. मग काहीच नाही.

त्या दिवशी गावात डरकाळी आली नाही. लोक दारांत येऊन माळाकडे कान देऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी घुबडाच्या खोलीलाही आडोसा झाला, साळिंदराला दगडांचं बीळ मिळालं. घुबडानं उंदीर खाल्ला. बाजाराचा दिवस आला आणि गेला, भाल्याची गोष्ट कुणी काढली नाही.

हळूहळू माणसं मदतीला आली. आपण घाम गाळून रचलेल्या भिंती फोडायच्या म्हणजे जिवावर येत होतं, पण वाघिणीला पुन्हा गुंगी देऊन पिंजऱ्यात हलवलं आणि जनावरं होती तेवढ्या खोल्यांची रानाकडची बाजू फोडली गेली. बुटक्या, काळोख्या खोल्या झाल्या, मातीनं लिंपलेल्या. अशा प्रत्येक खोलीला रानाकडे एक दार, वर सरकणारं, छपरावरून दोरीनं उचलायचं. समोरची पायवाट बंद करून तिथे काटेरी कुंपण घातलं. रायाजी यात कुठे नव्हता. आपण बांधलेलं घर एका भित्र्या बाईच्या सांगण्यावरून मोडतंय, हे त्याला बघवत नव्हतं.

वाघिणीचा पाय भरून आला, तेव्हा तिला सोडायचं ठरलं. गाव लांबच्या टेकाडावर जमलं. म्हाळसा छपरावर चढली आणि तिनं दोरी हातात घेतली. समोर करवंदीच्या दाट जाळ्यांमधून एकच वाट रानात जात होती.

तिनं दोरी ओढली. दार वर गेलं. वाघीण खाली वाकून, जमिनीला पोट लावत बाहेर आली.

आणि त्याच वेळी वाटेच्या तोंडाशी रायाजी दिसला, हातात भाला घेऊन. वाघीण गावाकडे वळली तर तिला अडवायचं, या विचारानं तो कुणाला न सांगता जाळीत दबा धरून बसला होता. आता तो उभा राहिला, नेमका तिच्या एकुलत्या एका वाटेत.

वाघीण थांबली. मागे भिंत, पुढे भाला. तिचे कान पडले, मागचे पाय दबले.

"भावजी, वाट सोडा," म्हाळसा छपरावरून म्हणाली. "तिला जायला जागा नाही."

रायाजी हलला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नसता, "माझे पाय उचलत नाहीत."

म्हाळसाला हे पाय चांगलेच ठाऊक होते.

"उचलतील," ती सावकाश म्हणाली. "आधी नजर खाली घ्या. तिच्याकडे पाहू नका. आता श्वास सोडा. भाल्याचं टोक मातीला लावा. डाव्या हाताला जाळी आहे, एक पाय तिकडे सरकवा. उचलू नका, नुसता सरकवा. आता दुसरा. पाठ जाळीला टेकली? तसेच खाली बसा."

ती सांगत गेली तसं तो करत गेला. पानांआड तो दिसेनासा झाला. वाट मोकळी झाली. वाघीण क्षणभर तशीच दबून राहिली, मग त्याच्या जाळीला घासून, एकदाही न वळता, रानात निघून गेली.

म्हाळसा खाली उतरून त्याच्यापाशी आली. रायाजी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ती थोड्या अंतरावर, त्याच्याकडे पाठ करून बसली, म्हणजे त्याला कुणी बघतंय असं वाटू नये.

त्यानं विचारलं, "तुम्हाला रोज असं होतं?"

"रोज."

"मग एवढं सगळं केलंत कसं?"

"भीत भीत," म्हाळसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रायाजी पहार घेऊन माळावर आला आणि उरलेल्या उघड्या खोल्या त्यानं स्वतःच्या हातानं मोडल्या. म्हाळसा सांगेल तसं घर त्यानं पुन्हा रचलं. पुढे वर्षानुवर्षं त्या घरात मोडलेले, पोळलेले, भेदरलेले जीव आले, काळोखात पडून बरे झाले आणि रानाकडच्या दारानं निघून गेले. गावानं त्या रानात पुन्हा सापळा लावू दिला नाही. म्हाळसा मात्र शेवटपर्यंत ढग गडगडले की कानांवर हात ठेवायची, पण पाणवठ्यावर आता त्याला कुणी हसत नसे.

बोध: जो आपली भीती ओळखतो, तोच दुसऱ्याच्या भीतीला आसरा देऊ शकतो.